दिवा कोणाच्या तालावर लुकलुकतो?

बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत दोन वस्तू हमखास सापडतात. एक भिंतीला टेकवून ठेवलेला गवसणीतला तंबोरा आणि दुसरी देवडीत उभी असलेली जुनी मोटारसायकल. तंबोरा बहुधा आजोबांचा असतो आणि मोटारसायकल बहुधा काकांची. दोन्ही विकायच्या नाहीत असे घरात ठरलेले असते, आणि दोन्ही उत्तम चालू स्थितीत आहेत असे पाहुण्यांना सांगितले जाते. प्रत्यक्षात तंबोऱ्याची एक खुंटी सरकत असते आणि मोटारसायकलचा दिवा लुकलुकत असतो. खुंटीविषयी जाणकारांनी पुष्कळ लिहिले आहे. आज दिव्याविषयी लिहावे म्हणतो.

गाण्याच्या मास्तराने विजेच्या भानगडीत कशाला पडावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याला उत्तर म्हणून थोडे घरचे सांगतो. माझे वडील अगदी पोरवयात दरबारच्या कलावंत कारखान्यात सारंगीच्या साथीला बसू लागले. १९४९ साली संस्थान विलीन झाले आणि तो कारखानाही गेला, पण वडील शेवटपर्यंत स्वतःला ‘कारखान्यातला माणूस’ म्हणवून घेत आणि नवख्या माणसाला ते गिरणीत होते असे वाटे. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. सारंगीला मुख्य तारा आणि तरफा मिळून चाळिसाच्या आसपास तारा असतात. त्यांतून कुठेतरी खरखर येऊ लागली म्हणजे मी पोरबुद्धीने खुंट्या पिळायला हात पुढे करी. वडील हात धरून थांबवीत. मग गजाने एकेक सूर संथपणे लावीत जात, आणि खरखर नेमकी कोणत्या सुराला उठते ते ऐकत. गंधाराला उठली तर गंधाराची तरफ, पंचमाला उठली तर पंचमाची. कधी तर सारंगी निर्दोष ठरे आणि कोनाड्यातल्या पितळी तबकाने साद घातलेली असे. खुंटीला हात लागे तो सर्वांत शेवटी.

हा त्यांचा शिरस्ता मोटारसायकलच्या दिव्याला जसाच्या तसा लागू पडतो, हे मला पाणीगेटच्या आतल्या अंगाला बसणाऱ्या एका वृद्ध मिस्त्रींमुळे कळले. ते कसे, तेच सांगायचे आहे.

आठवड्यातून दोन संध्याकाळी मी पादऱ्याला शिकवायला जातो. अंतर फार नाही, पंधरा-सोळा किलोमीटर. वर्गात अकरा मुले आहेत, त्यांत पाच मुली. वर्ग सुटून, एखाद्याच्या घरी चहा होऊन निघायला साडेनऊ वाजतात. माझ्याकडे बुलेट आहे, बारा व्होल्टची, जुनी, दुसऱ्या हाताने घेतलेली. गेल्या पावसाळ्यानंतर तिचा हेडलाइट लुकलुकू लागला. आधी क्वचित, मग वारंवार. एक क्षण रस्ता दिसे, दुसऱ्या क्षणी काळोख, की पुन्हा रस्ता. शहरात याचे काही वाटत नाही, कारण म्युनिसिपालिटीचे दिवे सांभाळून घेतात. पण अटलादऱ्याच्या पुढे गेले की तसे दिवे विरळ होत जातात. एका रात्री अशाच एका काळोखाच्या क्षणानंतर उजेड आला तेव्हा माझ्यापुढे दहा-बारा हातांवर कापसाने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली होती. तिला मागे लाल दिवा नव्हता, साधा रिफ्लेक्टरही नव्हता. मी कडेच्या मातीत उतरलो आणि गाडी कशीबशी उभी राहिली. घरी आल्यावर पत्नीने माझ्या पायजम्यावरची माती पाहिली आणि काही न विचारता एवढेच म्हणाली, “दिवा नीट होईपर्यंत पादरा बंद.” अकरा मुलांचा वर्ग अशा रीतीने एका तारेवर येऊन लोंबकळू लागला.

शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपात गाडी नेली. तिथे काचेच्या केबिनीत बसलेल्या तरुणाने तक्रार लिहून घेतली: ‘लाइट फ्लिकरिंग.’ दोन शब्द. पहिल्या खेपेस बॅटरी बदलली. दिवा लुकलुकतच राहिला. दुसऱ्या खेपेस रेग्युलेटर बदलला. दिव्याला त्याचेही काही वाटले नाही. तिसऱ्या खेपेस ते म्हणाले, आता इंजिनाची बाजू उघडून अल्टरनेटरची कॉइल बदलावी लागेल. तोवर दोन महिन्यांच्या शिकवण्यांचे पैसे गेले होते. कोणीही लबाडी केली असे मला म्हणायचे नाही. बदललेले सुटे भाग अस्सल होते, बिलेही चोख होती. परंतु तीन खेपांत कोणी एकानेही मला विचारले नाही, की दिवा लुकलुकतो तो केव्हा.

मिस्त्रीचाचांनी तेवढेच विचारले. त्यांचे दुकान म्हणजे एक ओटा, एक लाकडी पेटी आणि वरून लोंबणारा एक बल्ब. आमचे बोलणे बडोद्याच्या रिवाजाप्रमाणे अर्धे गुजराती, अर्धे हिंदी झाले. त्याचा मराठी मतलब असा: “मास्तर, तुमचा दिवा नाचतो ते मान्य. पण तो कोणाच्या ठेक्यावर नाचतो? इंजिनाच्या, रस्त्याच्या, की तुमच्या हाताच्या?”

मी गाण्याचा माणूस. असा प्रश्न कानावर पडताच माझे अर्धे काम झाले. चाचांचे हे तीन ठेके वाचकांनी ध्यानात ठेवावेत, कारण पुढचा सारा मजकूर त्यांवरच उभा आहे.

पहिला ठेका इंजिनाचा. गाडी जागेवर उभी असता दिवा मंद होतो आणि धडधडीबरोबर धापा टाकतो. रेस दिली की प्रखर आणि स्थिर होतो. या प्रकाराने लोक फार घाबरतात, आणि गंमत अशी की पुष्कळ गाड्यांत हा बिघाड नसतोच. आपल्याकडच्या जुन्या स्कूटर, मग ती लॅम्ब्रेटा असो की बजाज चेतक, आणि बुलेटचीही बरीच जुनी मॉडेले, यांत हेडलाइट बॅटरीवर चालत नाही. इंजिनाबरोबर फिरणारे चुंबक कॉइलमध्ये जी उलटसुलट वाहणारी वीज उत्पन्न करते, ती सरळ दिव्याला जाते. इंजिन हळू तर वीज कमी, इंजिन जोरात तर वीज भरपूर. आता हिशोब करून पाहा. बुलेटचे इंजिन चार स्ट्रोकचे आणि एका सिलिंडरचे, म्हणजे दोन फेऱ्यांत एक धमाका. जागेवर संथ चालताना मिनिटाला ८०० फेऱ्या होत असल्या तर धमाके ४००, म्हणजे सेकंदाला साडेसहाच्या थोडे वर. प्रत्येक धमाक्याला इंजिन किंचित उसळते आणि पुढच्या धमाक्यापर्यंत किंचित मंदावते. दिवा तेवढ्याच वेळा श्वास घेतो. सेकंदाला सहा-सात ठोके डोळ्याला सहज मोजता येतात. गाडी चालू लागली की ठोके इतके जवळ येतात, की डोळ्याला त्यांचा एकच अखंड सूर लागतो. झाल्यात लय वाढली की बोल वेगळे ऐकू येईनासे होतात, तसेच हे.

जावा आणि येझ्दी यांची गोष्ट निराळी. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ साली गाड्या तयार होऊ लागल्या आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला, तरी आपल्या दांडिया बाजारात आणि रावपुऱ्यात त्या अजून फटफटताना दिसतात. जुन्या जावाला सहा व्होल्टचा डायनॅमो असतो, त्याची एकूण ताकद ४५ वॅट. घरातला एक साधा बल्ब लागेल एवढ्या विजेत हेडलाइट, मागचा दिवा, हॉर्न आणि इंजिनाची ठिणगी असा सारा संसार. डायनॅमोतून वीज बाहेर काढण्याचे काम कार्बनचे दोन लहान तुकडे करतात. ते कम्युटेटरवर घासत राहतात आणि अर्थातच झिजतात. झिजले, किंवा कम्युटेटर काळा पडला, की जावाचा दिवा इंजिनाच्या ठेक्यावर पण वेडावाकडा लुकलुकतो. तिथे मात्र बिघाड खरा असतो. कार्बन काढून पाहावेत, कम्युटेटर स्वच्छ करावा. तेवढ्याने न भागल्यास जुना कट-आउट, म्हणजे रेग्युलेटर, तपासावा. त्याचे पॉइंट जळून खडबडीत झालेले असतात.

दिवे बॅटरीवर चालणाऱ्या बारा व्होल्टच्या गाडीत इंजिनाचा ठेका दिव्यात ऐकू आला, तर मीटर लावल्यावाचून पुढे जाऊ नये. चाचांचा नातू आता दुकानात बसतो, त्याच्याकडे आकड्यांचा मीटर आहे. गाडी बंद असता चांगली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. गाडी चालू करून रेस दिली की आकडा साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान स्थिरावला पाहिजे. तेराच्या खालीच रेंगाळत असेल तर बॅटरी भरली जात नाही. पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर वीज आवरत नाही, आणि असे असताना बल्बामागून बल्ब जातात. बॅटरीच्या टर्मिनलवरचा नट ढिला असला तरीही आकडा नाचतो, म्हणून रेग्युलेटरवर संशय घेण्यापूर्वी तो नट आवळून पाहावा. चालू गाडीची बॅटरी सोडवून ‘चार्जिंग येते का पाहू’ म्हणणारे काही जाणकार आपल्या गल्लीत आहेत. त्यांना हात जोडावेत. बॅटरी सुटताच विजेला सावरणारे कोणी उरत नाही आणि दिवे, कधीकधी रेग्युलेटरसुद्धा, जागच्या जागी जळतात.

दुसरा ठेका रस्त्याचा. याला लय नाही. खड्डा आला की दिवा गेला, सपाट रस्ता आला की आला. गाडी स्टँडवर लावून कितीही रेस द्या, दिवा समईसारखा स्थिर. हा प्रकार नव्वद हिश्श्यांनी कुठल्यातरी सांध्याचा असतो, आणि वर्कशॉपातल्या सपाट फरशीवर तो कधीच सापडत नाही. बल्ब हातात घेऊन हलक्या टिचकीने पाहावा. तुटलेल्या फिलामेंटची टोके एकमेकांना टेकून तो कित्येक दिवस जगतो आणि प्रत्येक धक्क्याला मरतो. होल्डरमधली स्प्रिंग बसली आहे का, तिथे हिरवट किटण धरले आहे का, ते पाहावे. बुलेटवर हेडलाइटच्या टोपात अँपिअरमीटर असतो. त्याच्या मागच्या नटांना हात लावून पाहावा. आणि मुख्य म्हणजे अर्थ पाहावा.

अर्थाविषयी दोन शब्द अधिक लिहितो, कारण भल्याभल्यांचा इथे गोंधळ होतो. बॅटरीच्या धन टोकाकडून वीज तारेने दिव्याकडे जाते हे सर्वांना कळते. पण ती परतही यायला हवी, आणि परतीची वाट बहुतेक ठिकाणी गाडीच्या लोखंडी सांगाड्यातूनच असते. दिव्याचा टोप सांगाड्याला जिथे टेकतो तिथे गंज चढला, किंवा हौशी मालकाने गाडीला नवा रंग देताना तिथेही रंग चढवला, तर परतीची वाट अडते. मग वीज दुसरी वाट शोधते आणि विचित्र चमत्कार दिसू लागतात. ब्रेक दाबला की मागचा दिवा उजळण्याऐवजी मंद होतो, किंवा डावा इंडिकेटर दिला की उजवाही हळूच डोळे मिचकावतो. असा चमत्कार दिसला म्हणजे नवा बल्ब आणायला धावू नये. एक जाड वायर घ्यावी, तिचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे त्या दिव्याच्या धातूच्या अंगाला लावावे. दिवा एकदम नीट पेटला तर दोष अर्थाचा. मग सांध्यातला रंग-गंज खरवडून चकचकीत धातू उघडा करायचा आणि नट आवळायचा. खर्च पॉलिश पेपराच्या एका तुकड्याचा.

तिसरा ठेका हाताचा. हँडल डावीकडे वळवले की दिवा जातो, उजवीकडे आणले की येतो. स्विच दाबून धरला की स्थिर, सोडला की चंचल. ब्रेक किंवा इंडिकेटर दिला की हेडलाइट त्याच्याबरोबर खालीवर होतो. स्विचच्या बाबतीत आतले पितळी टेकू काळे पडलेले असतात. हँडलच्या बाबतीत नजर मानेकडे वळवावी, म्हणजे जिथे हँडल सांगाड्याला मिळते तिथे. गाडीच्या वायरिंगमध्ये सतत वाकत राहणारी ती मुख्य जागा. दिवसातून किती वेळा आपण हँडल वळवतो याचा हिशोब कोणी ठेवीत नाही, पण तांब्याच्या बारीक तारा तो ठेवतात.

माझ्या गाडीची परीक्षा कशी झाली ते आता सांगतो. चाचांनी प्रथम विचारले, “हेडलाइट नाचतो तेव्हा मागचा दिवा काय करतो?” हे मी पाहून ठेवले होते. बसस्टँडच्या भिंतीशी गाडी उभी करून तपासले होते, की मागच्या दिव्याची लाली भिंतीवर अगदी स्थिर असते. हॉर्नही खणखणीत वाजे. “मग बॅटरी कशाला बदलली?” चाचा म्हणाले. त्यांच्या स्वरात टीका नव्हती, निव्वळ कुतूहल होते. मागचा दिवा आणि हॉर्न त्याच बॅटरीचे अन्न खातात. बॅटरी उपाशी असती तर तेही रडले असते. म्हणजे दोष बॅटरीत नाही, भरणाऱ्या यंत्रणेत नाही. एकट्या हेडलाइटच्या वाटेवर कुठेतरी आहे. मागचा दिवा साक्षीदार होता, त्याची साक्ष मात्र तीन खेपांत कोणी काढली नव्हती.

माझ्या बुलेटचा हेडलाइट पूर्वीच्या मालकाने बॅटरीवर घेतलेला आहे. उभ्या गाडीला दिवा मंद होऊ नये म्हणून पुष्कळ लोक तसे करतात, आणि त्यात गैर काही नाही. चाचांनी नातवाला मीटर लावायला सांगितले. बॅटरीवर १२.६, हेडलाइट लावून दिव्याच्या टोकांशी १०.९, आणि तोही आकडा थरथरणारा. वाटेत कुठेतरी दीड व्होल्टाहून अधिक गळत होते. वाचकांना हे क्षुल्लक वाटेल, परंतु फिलामेंटच्या बल्बाचा स्वभाव असा आहे, की व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले तर प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. मला पादऱ्याच्या रस्त्यावर अलीकडे चष्म्याचा नंबर वाढल्यासारखे वाटत होते, त्याचे कारण इथे मीटरवर दिसत होते.

मग अर्थाची वायर लावून पाहिली. दिव्यात फरक पडला नाही. परतीची वाट निर्दोष. मग बॅटरीच्या धन टोकाकडून, मध्ये फ्यूज घालून, एक मोकळी वायर थेट हेडलाइटला आणली. दिवा एकदम पांढराशुभ्र झाला आणि हँडल इकडून तिकडे फिरवले तरी हलेना. म्हणजे दोष जाण्याच्या वाटेत. आता मोकळी वायर काढून चाचांनी नातवाला बाजूला सारले आणि स्वतः टाकीखाली हात घातला. डोळे मिटले. मला वडिलांची आठवण झाली ती तेव्हा. तार तपासताना तेही असेच डोळे मिटीत. चाचा मूळ वायर चिमटीत धरून इंचा-इंचाने ओढत पुढे सरकले. मानेजवळ आले आणि थांबले. “इथे पाहा.” मी बोट लावले. बाकी सगळीकडे टणक असलेली वायर त्या एका बोटभर जागेत रबराच्या नळीसारखी ताणली जात होती. वरचे प्लॅस्टिक अखंड, चिरसुद्धा नाही. आत तांबे तुटलेले.

पूर्वीच्या मालकाच्या कारागिराने ती जास्तीची वायर मानेपाशी प्लॅस्टिकच्या पट्टीने सांगाड्याला घट्ट आवळली होती. दिसायला नीटनेटके काम. पण हँडल वळताना वायरीला सरकायला सैलपणाच उरला नव्हता, त्यामुळे प्रत्येक वळणाला ती त्याच एका बिंदूत वाके. वायरीत बारीक तारांचा जुडगा असतो. त्यांतली एकेक तार तुटत गेली. चाचांनी ते टोक सोलून दाखवले तेव्हा चार-पाच केसांएवढ्या तारा उरल्या होत्या, बाकीच्या टोकांवर काळपट-हिरवी काजळी. त्या चार-पाच तारांवरून हेडलाइटचा सारा भार जात होता. खड्ड्याला त्या विलग होत, पुन्हा चिकटत, आणि चिकटताना तापत. ३५ वॅटच्या दिव्याला बारा व्होल्टवर तीन अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. पूर्वीच्या मालकाने ६० वॅटचा बल्ब घातला होता, म्हणजे पाच अँपिअर. शिवाय त्या वायरीला फ्यूज नव्हता. प्लॅस्टिक वितळून ती सांगाड्याला चिकटली असती, तर ट्रॉलीऐवजी टाकीखालच्या आगीची गोष्ट सांगायची पाळी आली असती. सांगणारा मी असतोच असेही नाही.

दुरुस्ती तासाभरात झाली. तुटका भाग पिळून वर टेप गुंडाळणे हा आपल्याकडचा लोकप्रिय उपाय चाचांनी केला नाही. त्यांनी सबंध वायरच बदलली, थोडी जाड घेतली, टोकांना थिंबल दाबून वर डाग दिला आणि बॅटरीपाशी फ्यूज घातला. मानेजवळ वायर सैल कमानीत सोडली आणि हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवून ती कुठे ताणते का ते पाहिले. एक रिलेही बसवला. रिले म्हणजे विजेने चालणारा द्वारपाल. हँडलवरच्या नाजूक स्विचातून आता केवळ त्याला हाक जाते, तिला पाव अँपिअरही पुरतो, आणि दिव्याचे पाच अँपिअर जाड वायरीने सरळ दिव्याला पोचतात. मीटर पुन्हा लावला. गाडी चालू ठेवून बॅटरीवर १४.१, दिव्यावर १३.८. झालेला खर्च आधीच्या तीन बिलांतल्या सर्वांत लहान बिलावरच्या कराएवढाही नव्हता.

माझा एक विद्यार्थी इंजिनिअरिंगला आहे. त्याला हे सारे जुनाट वाटते. त्याच्या मते फिलामेंटचा बल्ब फेकून एलइडी घातली की सगळे प्रश्न मिटतात. मिटतात काही, पण काही नवे उभे राहतात. तापलेला फिलामेंट क्षणभर वीज गेली तरी उजळ राहतो. भांडे उतरवल्यावरही चूल ऊब धरून असते तसे. एलइडीला अशी ऊब नाही. वीज गेली की ती त्याच क्षणी विझते. म्हणून चुंबकाच्या उलटसुलट विजेवर चालणाऱ्या जुन्या स्कूटरला साधी एलइडी लावली, तर जो थरकाप पूर्वी दिसत नव्हता तो आता डोळ्यांत भरतो. तिथे वीज आधी सरळ करून, बॅटरीवर घेऊन, मगच एलइडी लावावी. इंडिकेटरचेही तसेच. जुना फ्लॅशर बल्बाच्या भाराच्या हिशोबाने लुकलुकतो. एलइडीचा भार नगण्य, त्यामुळे तो एकदम द्रुतात जातो. इंडिकेटरने मिनिटाला साठ ते एकशेवीस वेळा लुकलुकावे असा दंडक आहे, मध्यम नव्वदचा. मी एका विद्यार्थ्याच्या गाडीचा मेट्रोनोमला जुळवून पाहिला, तर तो दोनशेच्या घरात निघाला. एलइडीसाठीचा वेगळा फ्लॅशर मिळतो, तो लावताच स्वारी ठेक्यावर आली.

नव्या गाड्यांविषयी एक खुलासा. १ एप्रिल २०१७ पासून आपल्याकडच्या नव्या दुचाक्यांचा हेडलाइट इंजिन चालू होताच आपोआप लागतो आणि तो बंद करण्याचा स्विचच नसतो. दिवसा दिवा जळताना पाहून ‘काहीतरी शॉर्ट झालंय’ म्हणून रस्त्यात ओरडून सांगणाऱ्या परोपकारी मंडळींनी आता थांबायला हरकत नाही. तसेच मोबाइलवर घेतलेल्या चित्रफितीत एलइडीचा दिवा लुकलुकताना दिसतो पण डोळ्यांना तो स्थिर दिसतो, तेव्हा बिघाड बहुधा नसतो. तो दिवा सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करूनच मंद-प्रखर करण्याची रीत आहे, आणि कॅमेऱ्याचा ताल तिच्याशी जुळत नाही एवढेच.

पादऱ्याचा वर्ग पुन्हा सुरू आहे. मुलांचा यमन तीन आठवडे मागे पडला होता तो भरून काढतो आहोत. चाचांकडे मात्र आता आमच्या वाड्यातल्या अप्पांना न्यायचे आहे. त्यांची चेतक सिग्नलला थांबली की तिचा दिवा मंदावतो, आणि हा तिचा मूळ स्वभावच आहे, दुखणे नव्हे, हे मी त्यांना दोनदा समजावून सांगितले. अप्पांचे समाधान झाले नाही. “गाण्याच्या मास्तराचं ऐकून मी गाडी तशीच ठेवू होय?” असे म्हणाले. रविवारी सकाळी निघायचे ठरले आहे.